वाचकांचे प्रश्न : मानक एकच, मग अहवाल का चालत नाही?

प्रश्न : आमच्या लहान प्रयोगशाळेच्या चाचणी-अहवालावर आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक ठळक छापलेला असतो. तरीही परदेशी खरेदीदार तीच चाचणी दुसरीकडून पुन्हा करून मागतात. मानक साऱ्या जगाचे एकच असेल, तर आमचा अहवाल का चालत नाही? आणि ही मानके ठरवते तरी कोण?

उत्तर : शेवटचा भाग आधी घेतो. आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या आयएसओ या संस्थेचे काम १९४७ साली सुरू झाले. विद्युत क्षेत्रासाठीची अशीच संस्था, आयईसी, तर १९०६ सालची. आयएसओमध्ये एका देशाची एकच संस्था सदस्य असते. संबंधित समितीत सक्रिय असलेल्या सदस्यांपैकी किमान दोन-तृतीयांश मते अनुकूल पडली आणि एकूण मतांत विरोधी मते एक-चतुर्थांशाहून अधिक नसली, की मसुद्याला मानकाचा दर्जा मिळतो. त्याचे पालन मात्र मुळात ऐच्छिक असते. कायद्यात किंवा करारात त्याचा उल्लेख झाला, तरच ते बंधनकारक ठरते. जाता जाता सांगायचे, तर आयएसओ स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही, हे जाहिराती वाचून कोणाला खरे वाटणार नाही.

आता मुख्य मुद्दा. काय मोजायचे आणि कसे मोजायचे, एवढेच चाचणीचे मानक सांगते. मोजणाऱ्यावर भरवसा का ठेवायचा, हे ते सांगत नाही, आणि तुमचा अहवाल अडतो तो नेमका इथेच. तुमच्या तराजूचेच पाहा. त्याने १०० ग्रॅम दाखवले, तर ते ज्या वजनाशी ताडून पाहिले ते वजन कोणी तपासले, त्या तपासणाऱ्याचे संदर्भ-वजन कोठून आले, असे विचारत गेल्यास ही साखळी राष्ट्रीय मापन संस्थेपर्यंत आणि तिथून किलोग्रॅमच्या व्याख्येपर्यंत पोहोचली पाहिजे. (ही व्याख्या २० मे २०१९ पासून धातूच्या ठोकळ्यावर नव्हे, तर प्लांकचा स्थिरांक या निसर्गातील कधीही न बदलणाऱ्या राशीवर आधारलेली आहे.) प्रत्येक कडीपाशी मापनातील अनिश्चितता, म्हणजे खरे मूल्य दाखवलेल्या आकड्याच्या मागेपुढे असण्याची शक्यता, किती, हेही नोंदवलेले असावे लागते. मधली एक कडी जरी कागदोपत्री सापडली नाही, तरी अहवालावरील आकडा बरोबर असूनही परक्याच्या दृष्टीने निराधार ठरतो.

ही साखळी आणि प्रयोगशाळेतील माणसांची क्षमता तपासून देण्यात येणाऱ्या मान्यतेला अधिस्वीकृती म्हणतात. तिचा आधार आयएसओ/आयईसी १७०२५ हे मानक आहे. अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थांनी २००० साली परस्पर मान्यतेचा करार केला आणि एका देशातील अहवाल दुसऱ्या देशात स्वीकारला जाण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

इतर क्षेत्रांतही हेच दिसते. अभियांत्रिकी पदव्यांसाठी १९८९ साली सहा देशांच्या संस्थांनी केलेल्या वॉशिंग्टन करारानुसार सदस्यांनी एकमेकांचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम समतुल्य मानायचे असतात. पण व्यवसायाचा परवाना त्या त्या ठिकाणचे नियम पाळूनच मिळवावा लागतो. पदवी हातात पडली म्हणजे परवानाही मिळालाच, असे धरून चालणाऱ्यांची इथे हमखास निराशा होते.

तुमच्यापुरते सांगायचे, तर अधिस्वीकृती नसेल तर ती घेणे हा खर्चाचा, पण टिकाऊ मार्ग आहे. ती असेल, तर तिची व्याप्ती उघडून पाहा. अधिस्वीकृती सरसकट प्रयोगशाळेला नव्हे, तर नावानिशी नोंदवलेल्या चाचण्यांना मिळते. अडलेली चाचणी त्या यादीत नसण्याची शक्यता बरीच आहे. कोणाची अधिस्वीकृती चालेल, हे खरेदीदाराकडून नमुना पाठवण्याआधीच लेखी विचारून घ्या.