व्हिडिओ डोअरबेलचं सबस्क्रिप्शन : कुणी भरावं, कुणी भरू नये

तुमचा प्रश्न असा : बेळगावच्या वडगावात, यंत्रमागाच्या गल्लीत रस्त्यालगत जुनं घर, आत आई-वडील दोघंच, तुम्ही पुण्यात. साडेसात हजारांची, बॅटरीवर चालणारी व्हिडिओ डोअरबेल बघून ठेवलीय. रेकॉर्डिंग कंपनीच्या क्लाउडवर साठतं, त्याचे महिना दीडशे रुपये. घेण्यासारखी आहे का?

डोअरबेल घ्या, पण शक्यतो बॅटरीवरची नको. सबस्क्रिप्शन लगेच घेऊ नका. आणि सबस्क्रिप्शन नसताना तुमचं मॉडेल काय काय करतं, हे कळेपर्यंत ते मागवू नका.

या वस्तूची कामं दोन आहेत आणि जाहिरातीत ती मुद्दाम एकत्र दाखवतात. पहिलं काम म्हणजे कुणी बटण दाबलं की तुमचा फोन वाजणं, समोरचा दिसणं आणि त्याच्याशी बोलता येणं. बहुतेक कंपन्या हे फुकट देतात. दुसरं काम रेकॉर्डिंग साठवून ठेवणं, आणि पैसे त्याचे आहेत. घरात माणूस असताना ‘कोण आलं होतं’ हे आईला विचारलं तरी कळतं. महिन्याभराच्या क्लिपा कुणी उघडून बघत नाही. रेकॉर्डिंगची खरी गरज घराला कुलूप असताना लागते. आई-वडील दोन महिने नातवंडांकडे पुण्याला आले, तर त्या दोन महिन्यांत.

आणि तेव्हा रेकॉर्डिंग कुठे साठतंय हे महत्त्वाचं. मेमरी कार्ड डोअरबेलच्याच पोटात असेल तर चोर पक्कड घालून ती उपटतो आणि पुरावाही सोबत घेऊन जातो. क्लाउडवर असेल तर उपटण्याआधीचे काही सेकंद वर पोचलेले असतात. यातला मधला मार्ग मला सगळ्यात पटतो : काही मॉडेलांत कार्ड डोअरबेलमध्ये नसतं, घरात प्लगला लावायच्या चाइममध्ये (आत वाजणाऱ्या बेलमध्ये) किंवा बेस स्टेशनमध्ये (घरातल्या जोड-डब्यात) असतं. फाटकावरची चोरली तरी रेकॉर्डिंग घरात राहतं आणि महिन्याचा हप्ता नाही. तुमच्यासारख्या घराला पहिली पसंती अशा मॉडेलला द्या.

आता हिशोब. दीडशे गुणिले बारा म्हणजे वर्षाला १,८००. चार वर्षांत ७,२००, म्हणजे जवळपास आणखी एक डोअरबेल. शिवाय हा दर तुमच्या हातात नाही. अमेरिकेत रिंग कंपनीने मार्च २०२४मध्ये मूळ प्लॅन महिना ३.९९ डॉलरवरून ४.९९ डॉलरवर नेला, आणि प्लॅन नसेल तर त्यांची डोअरबेल काहीच साठवत नाही, फक्त त्या क्षणाचं चित्र दाखवते. परदेशातल्या भावाने येताना अशी डोअरबेल आणून दिली तर गोष्ट आणखी अवघड होते : वॉरंटी तिकडची, बिल डॉलरमध्ये, आणि वायरिंगही इथल्या घरांना न जुळणारं. त्याबद्दल खाली.

विकत घेण्याआधी विक्रेत्याला, त्याला माहीत नसेल तर कंपनीच्या चॅटवर, लेखी विचारा. सबस्क्रिप्शन नसताना कार्डवर रेकॉर्डिंग होतं का? हालचालीची सूचना फोटोसकट येते की नुसती ओळ येते? माणूस आणि कुत्रा यांतला फरक डोअरबेल स्वतः ओळखते की त्याचेही पैसे? तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण रोजचा त्रास तिथेच आहे. माणूस ओळखण्याची सोय पैशांत अडकली असेल तर फुकटवाल्याला गल्लीतलं प्रत्येक कुत्रं, प्रत्येक स्कूटर आणि वाऱ्याने हलणारी कर्दळ कळवली जाते. गणेशोत्सवात तर विचारूच नका. आठवड्याभरात माणूस वैतागून सूचना बंद करतो, आणि मग साडेसात हजारांची वस्तू शंभर रुपयांच्या बेलचं काम करत राहते.

‘सबस्क्रिप्शन नाही’ याचा अर्थ ‘कंपनीचा संबंध नाही’ असा मात्र घेऊ नका. बहुतेक फायबर जोडण्यांना स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) मिळत नाही, अनेक ग्राहक एका पत्त्यामागे असतात. त्यामुळे पुण्यातला तुमचा फोन वडगावातल्या डोअरबेलपर्यंत कंपनीच्या सर्व्हरच्या मदतीनेच पोचतो. कंपनीने सर्व्हर बंद केला तर कार्डवर रेकॉर्डिंग बहुधा होत राहील, पुण्यातून दिसणार नाही. खासगीपणाचंही तसंच. ‘सगळं घरातच साठतं’ म्हणून विकल्या गेलेल्या युफी कंपनीच्या कॅमेऱ्यांतली छोटी चित्रं सूचनांसाठी क्लाउडवर जात होती, हे २०२२च्या शेवटी उघड झालं. रिंगच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघता येत होते म्हणून २०२३मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाबरोबर ५८ लाख डॉलरची तडजोड झाली. म्हणून डोअरबेलचा रोख बाहेर हवा. दार उघडल्यावर सोपा आणि देवघर दिसेल अशी लावू नका. पासवर्ड वेगळा ठेवा, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा.

डेटाची भीती उगाच घेऊ नका. १०८० पिक्सेलच्या चित्राला साधारण २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) अपलोड लागतो. वीस सेकंदांची क्लिप ५ एमबी, दिवसाला चाळीस क्लिपा धरल्या तर २०० एमबी, महिन्याला ६ जीबी. फायबरला हे काहीच नाही, मोबाइल हॉटस्पॉटवर मात्र जड जाईल. सतत रेकॉर्डिंगवर तेच गणित दिवसाला २१ जीबीवर जातं, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसांत भरून जुनं पुसायला लागतं. क्लिपांवर ठेवलं तर तेच कार्ड काही महिने पुरतं. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच घ्या. मोबाइलचं साधं कार्ड सतत लिहून-पुसून मरतं, आणि मेल्याचं कळतं ते गरज लागते त्या दिवशी.

आता वडगावचं घर. जुन्या घरांच्या भिंती दगडाच्या नाहीतर मातीच्या, दीड-दोन फूट जाड. राऊटर माजघरात असेल तर फाटकावर वायफाय पोचत नाही, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीतून आणखी कमी पोचतं. या डोअरबेल बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. खरेदीआधी एवढं करा : वडिलांना फोनचा मोबाइल डेटा बंद करून, २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, पुढचं दार लावून, जिथे डोअरबेल लागणार तिथून पाच मिनिटं तुम्हाला व्हिडिओ कॉल करायला सांगा. वायफाय ॲनलायझरचं ॲप असेल तर सिग्नलच्या ताकदीचा आकडा उणे ६५ डीबीएमच्या आसपास हवा. उणे ७५च्या पलीकडे गेला की चित्र अडकतं आणि बेल उशिरा वाजते. कमी पडलं तर राऊटर सोप्यात, खिडकीजवळ आणा किंवा तिथे मेशचा (वायफाय पुढे नेणारा) एक डबा ठेवा. डोअरबेल लोखंडी फाटकाच्या पत्र्यावर बसवू नका, बाजूच्या खांबावर बसवा.

यंत्रमागाच्या गल्लीत आणखी एक गोष्ट : बोलणं. मागाच्या खटखटीत डोअरबेलची गोंगाट कमी करणारी यंत्रणा शब्दही गिळते. तिथे ॲपमध्ये तयार उत्तरं असतात (‘थांबा, येतोय’ वगैरे), ती मराठीत स्वतः रेकॉर्ड करता येतात का बघा. पोस्टमन कन्नड बोलणारा असेल तर एक कन्नडमध्येही ठेवा.

बॅटरीचं मॉडेल मी तुम्हाला सुचवणार नाही. डब्यावर लिहिलेले चार-सहा महिने दिवसाला थोड्याच घटना धरून असतात. रस्त्यालगतच्या फाटकावर प्रत्येक वाटसरू तिला जागं करतो, मग महिन्याभरातही उतरते. ती काढून पाच-सहा तास चार्ज करायची, तोवर दाराला बेल नाही, आणि हे काम सत्तरीतल्या वडिलांनी करायचं. बॅटरीचंच घ्यायचं ठरलं तर हालचालीचा पल्ला दोन-तीन मीटरवर आणा आणि रस्त्याचा भाग झोनमधून (ॲपमध्ये आखलेल्या टेहळणीच्या भागातून) वगळा.

वायरच्या मॉडेलला घोटाळा वेगळा. आपल्याकडची बेल थेट २३० व्होल्टवर चालते. फेज बटणातून बेलकडे जाते, बटणापाशी न्यूट्रल बहुधा नसतोच. व्हिडिओ डोअरबेलला मात्र मॉडेलप्रमाणे १६ ते २४ व्होल्ट एसी किंवा ५ ते १२ व्होल्ट डीसी लागतं. जुन्या बटणाच्या दोन वायरी तशाच जोडल्या की ती जळते, आणि जळलेली वॉरंटीत बसत नाही. बरोबर पद्धत : मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून आतल्या जुन्या बेलच्या जागी ट्रान्सफॉर्मर (डीसीच्या मॉडेलला डीसी अडॅप्टर) बसवायचा, आणि फाटकाकडे जाणाऱ्या त्याच दोन वायरी २३० व्होल्टपासून सोडवून त्यांतून कमी व्होल्टेज न्यायचं. जुनी बेल काढून टाकायची, कारण ती कमी व्होल्टेजवर वाजणार नाही; तिच्या जागी प्लगची चाइम. ट्रान्सफॉर्मर किती व्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा), हे डोअरबेलच्या माहितीपत्रकात असतं, अंदाजाने घेऊ नका.

५ व्होल्ट यूएसबीवर चालणारं मॉडेल लांबच्या फाटकाला टाळा. अर्ध्या चौरस मिलीमीटरच्या वायरीने पंधरा मीटर नेलं तर एक अँपियरला जवळपास एक व्होल्ट वाटेतच जातो, फाटकावर चारच उरतात. दिवसा चालते, रात्री अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेडचे दिवे लागले की प्रवाह वाढतो आणि ती पुन्हापुन्हा बंद-चालू होते. लोक डोअरबेलला दोष देतात, दोष वायरीचा असतो.

वीज गेली की वायफायही जातं, म्हणून राऊटर आणि फायबरचा डबा दोन्ही १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर ठेवा. दोघांच्या अडॅप्टरवरचे अँपियर बेरीज करून तेवढा यूपीएस घ्या. डोअरबेलचा ट्रान्सफॉर्मर घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर. एप्रिल-मेच्या वळवात विजा कडकडायला लागल्या की त्याचं बटण बंद करायचं, हे आईला सांगून ठेवा.

पावसाला आयपी६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) पुरतं, पण तोंड पश्चिमेला असेल तर जुलैत पाऊस आडवा येतो. वर पाच-सहा इंच पुढे येणारं छोटं पत्र्याचं झाकण लावा. सिलिकॉन वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या फटीत भरा, खालची फट उघडी ठेवा, नाहीतर आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. उंची जमिनीपासून चार फूट. बाजूला चुन्याची पांढरी भिंत अगदी चिकटून असेल तर रात्री इन्फ्रारेडचा उजेड तिच्यावर आपटून माणसाचा चेहरा काळा दिसतो. खाली पाचरीसारखा तुकडा घालून डोअरबेल थोडी दुसरीकडे वळवा. कोळ्याची जाळी महिन्यातून एकदा पुसा, रात्रीच्या बऱ्याचशा खोट्या सूचना तिच्याच असतात.

अरुंद गल्लीत समोरच्यांचं दार चौकटीत येतंच. ॲपमध्ये तेवढा भाग काळा करायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी वापरा आणि त्यांना फोनवर दाखवा. २०२३चा डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू नाही, पण शेजारधर्म लागू आहे.

कधी चोरी झालीच तर क्लिप ॲपमधून मूळ फाइल म्हणून उतरवून घ्या. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि मूळ फाइल राहत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमतही (फाइलचा डिजिटल ठसा) येते. म्हणून मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत पोलिसांना द्या. उतरवायला उशीर करू नका, प्लॅनमध्ये ठरलेले साठवणीचे दिवस संपले की क्लिप आपोआप पुसली जाते.

सबस्क्रिप्शन घ्यायचंच झालं तर महिन्याचं घ्या, वर्षाचं नको : घराला कुलूप लागायच्या आधी चालू, आई-वडील परतले की बंद. बंद करण्याआधी हव्या त्या क्लिपा उतरवून घ्या. पैसे वडिलांच्या नव्हे, तुमच्या कार्डावरून किंवा यूपीआय ऑटोपेवरून जाऊ द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा हप्त्याची सूचना २४ तास आधी येते, पण १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे सूचना न वाचणाऱ्याचे पैसे गुपचूप जात राहतात. फुकट चाचणीचा महिना सुरू करताना कार्ड मागितलं तर त्याच दिवशी ऑटोपे रद्द करून ठेवा. चाचणी बहुधा तरीही पूर्ण मिळते.

डोअरबेल हातात आल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत, तुम्ही पुण्यात मोबाइल डेटावर असताना वडिलांना बटण दाबायला सांगा : सकाळी, भर दुपारी, रात्री दिवे घालवून, आणि एकदा मेन स्विच पाडून. दाबल्यापासून फोन वाजेपर्यंत पाच सेकंदांहून जास्त लागत असतील तर आधी राऊटर हलवा. तरीही फरक पडला नाही तर डबा परत पाठवा, कारण फाटकावरचा माणूस तेवढा वेळ थांबत नाही.