पाटे बसलेत की गाडी बुटकी आहे?

ऐरोलीहून एका वाचकांनी लिहिलंय: "माझ्याकडे सहा वर्षं जुनी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे. खासगी नोंदणी, पांढरी नंबरप्लेट. मुरबाड तालुक्यात वडिलोपार्जित शेती आहे, दर शनिवारी जातो. हौद्यात खताच्या गोण्या असल्या की ओढ्यातून वर चढताना मागचा टो-हुक (गाडी ओढायचा आकडा) घासतो. म्हणून गाडी लिफ्ट करायचं, म्हणजे जमिनीपासून उंच करायचं ठरवलं. तुर्भ्याच्या एका दुकानदाराने तीन पर्याय दिले: पुढे दीड इंचाचे स्पेसर (स्प्रिंगवर बसणारे ठोकळे), चारही चाकांना नव्या स्प्रिंगा, शॉकअप आणि मागे जादा पाटा (मागची पट्ट्यांची स्प्रिंग) घालून दोन इंच, किंवा चार इंच आणि सोबत मोठे टायर. मी तिसरा पर्याय घेऊन ६०,००० रुपये ॲडव्हान्स दिला. त्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं, ‘आरटीओ ॲप्रूव्हड, नो टेन्शन’. आता मेहुणे म्हणतात, आरसी जाईल. दुकानदार म्हणतो, किट मागवलंय, पैसे परत मिळणार नाहीत, हवं तर दोन इंचाचं बसवून घ्या. काय करू?"

नमस्कार. तुमचं नशीब की किट अजून गाडीला लागलेलं नाही. इतक्यात ते लावू नका, दोन इंचाचंही नाही. दुकानदार घाई करील, करू द्या.

मेहुण्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मुळात ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. बदल म्हणजे गाडीच्या रचनेत असा फेरफार, ज्याने तिचं मूळ स्वरूपच पालटतं. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२अ आलं. त्याच्या पोटकलम ४ प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. लिफ्ट वेगळी, टायर वेगळे, उद्या लोखंडी बंपर लावलात तर तोही वेगळा. आणि हे पोटकलम धरतं मालकाला. किट बसवणारा त्यात कुठेच नाही. त्याचं ‘नो टेन्शन’ त्याच्यापुरतं खरंच होतं म्हणायचं.

आरसी थेट रद्द होते असं मात्र नाही. गाडी रस्त्यावर धोकादायक आहे किंवा नियमांत बसत नाही असं वाटलं तर कलम ५३ खाली नोंदणी निलंबित करता येते, तीही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर.

आता तुमचा खरा प्रश्न, कुठली लिफ्ट चालेल? दुकानदार एक युक्तिवाद नेहमी करतात: आरसीवर गाडीची जमिनीपासूनची उंची लिहिलेली नसते, मग फरक पडतोच कुठे? कोर्टात उभं राहून हा मुद्दा मांडता येतो, मी मांडलाही असता. पण कलमातला जोर कंपनीच्या मूळ ठरावीक रचनेवर आहे, आणि गाडीचं मॉडेल चाचणीला जातं तेव्हा ते त्याच स्प्रिंगा, त्याच टायरांवर पास होतं. चार इंच आणि मोठे टायर हा रचनेतला बदल नाही, हे पटवून देणं मला तरी जमणार नाही. दोन इंचावर वाद होऊ शकतो. आणि ‘आरटीओ मान्य’ लिफ्ट किट म्हणून कुणी कागद दाखवला तर त्याची प्रत मला जरूर पाठवा. इतक्या वर्षांत मी असा कागद पाहिलेला नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी चार इंचांबद्दल मी सांगितलंच असतं. एका अशिलाची उचललेली गाडी गॅरेजच्या रॅम्पवर होती, मी स्वतः खाली वाकून पाहिली. पुढचं चाक मोकळं लोंबत होतं आणि ब्रेकचा रबरी होज इतका ताणलेला, की मधे पांढरट पडला होता. मेकॅनिकने टिचकी मारली तर तारेसारखा वाजला. गाडी उचलणाऱ्याने उंची वाढवली, होज मूळचाच ठेवला. तुमच्या गाडीला पुढे विशबोन, म्हणजे चाक धरून वरखाली होणारे दांडे आहेत. तिथे उंची वाढली की ड्राइव्हशाफ्टचा कोन, बॉल जॉइंट, अलाइनमेंट सगळं बिघडायला लागतं. हेडलाइटचा झोत वर जातो आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. मागे पाट्याखाली ठोकळे घालून लांब यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे बोल्ट) कसले असतील, तर भरल्या हौद्याने ओढ्यात गाडी कशी वागेल याची हमी कोण देणार?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: हौद्यात गोण्या असल्या की मागचा हुक घासतो. रिकामी गाडी घासत नाही. सहा वर्षं दर आठवड्याला भार वाहिलेल्या गाडीचे पाटे बसलेले असणार. एखाद्या जाणत्या पाटेवाल्याकडून नाहीतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून ते आधी तपासून घ्या. सपाट जागी रिकामी उभी करून मागच्या मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजू मोजा, मग गोण्या भरून पुन्हा मोजा. पाटे बसलेले निघाले तर कंपनीचेच नवे टाकणं ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे. कलम ५२ तिथे लागतच नाही, आणि हुक बहुधा तेवढ्यानेच सुटेल. शॉकअपही तेव्हाच कंपनीचे टाका. जादा पाटा घालून हौद्यात आणखी भार टाकायचा मोह होतो, तो टाळा. आरसीवरचं वजन पाट्याबरोबर वाढत नाही. (शेजाऱ्यांचा माल भाड्याने नेत नसाल अशी आशा आहे. पांढऱ्या प्लेटवर ते वेगळंच प्रकरण होतं.)

इतकं करूनही उंची हवीच असेल तर मी दीड-दोन इंचांच्या पुढे जाणार नाही, तेही पुन्हा मूळ स्थितीला आणता येईल असं. आधी कंपनीच्या डीलरला लेखी विचारा, वॉरंटी शिल्लक असेल तर तिचं काय होईल तेही. मग विमा कंपनीला ई-मेल करा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. बदल न कळवलेल्या गाडीचा अपघात झाला की स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यात विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिला फोटो स्प्रिंगचाच काढतो. त्या बदलाचा अपघाताशी संबंधच नव्हता, असं आपण म्हणू शकतो, पण ते म्हणत म्हणत दोन-तीन वर्षं जातात. आणि काढलेले जुने भाग भंगारात देऊ नका.

आता ६०,००० रुपये. चुकीची माहिती देऊन करायला लावलेला करार तुम्हाला मोडता येतो, भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम १९. पण त्याच कलमाला एक अपवाद आहे: थोडी चौकशी केली असती तर खरं कळलं असतं, असं दुकानदार म्हणेल. म्हणून माझा भर ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ वर राहील. मालाला नसलेली मान्यता आहे असं सांगणं ही त्या कायद्याखाली अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि तुमच्या हातात ते त्याच्याच अक्षरांत आहे. गाडी तुमच्या घरच्या वापराची, त्यामुळे तुम्ही ‘ग्राहक’ आहात. तुम्ही राहता त्या ठाणे जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

व्हॉट्सॲपची चॅट पुसू नका, फोन बदलू नका. कोर्टात ती दाखवताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मूळ फोन हाताशी हवा.

आधी नोटीस द्या, साध्या भाषेत: अमुक तारखेला इतके पैसे दिले, तुम्ही आरटीओची मान्यता असल्याचं लिहिलं, तो कागद १५ दिवसांत द्या नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. बहुतेक वेळा कागद येत नाही, फोन येतो. त्याने खरोखर किट मागवलं असेल आणि वाहतुकीचं बिल दाखवलं, तर तेवढे पैसे सोडून तडजोड करायला हरकत नाही. बिल नसेल तर एक रुपयाही सोडू नका. तडजोड झालीच तर पावतीवर ‘ऑर्डर रद्द, कुणाचंही काही देणं नाही’ एवढं लिहून घ्या, आणि पैसे रोख न घेता खात्यात घ्या.