बुरशीनाशक की बुरशीरोधक?

प्रश्न असा आहे : 'बीन्सच्या बियांमधली अँटिफंगल पेप्टाइड्स' याला मराठीत 'कडधान्यांतली बुरशीनाशक पाचके' म्हटलं तर चालेल का, आणि त्यांना 'औषधी' म्हणावं का?

'पाचके' नको. पाचक म्हणजे पचवणारं, आणि पेप्टाइड ही तर अमिनो आम्लांची छोटी साखळी. पण विचारणाऱ्याचा कान तयार आहे! जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने १९०२ मध्ये 'पेप्टोन' (अर्धवट पचलेलं प्रथिन) यावरून हा शब्द घडवला, आणि त्याच्या मुळाशी ग्रीक 'पेप्टोस' आहे, म्हणजे पचलेलं. हा ग्रीक धातू आणि संस्कृत 'पच्' ही सख्खी भावंडं. पचन, पाक, पक्व, आपलं 'पिकणं' आणि पेप्टाइड, सगळी एकाच कुळातली. मला हे नातं फार आवडतं. शब्द घरचाच निघाला, तेव्हा तो आहे तसा ठेवावा.

'बुरशीनाशक' म्हटलं की द्राक्षबागायतदाराला बोर्डो मिश्रण आठवतं, पंपातून फवारायचं. बियांतली डिफेन्सिनं, म्हणजे बीचा बुरशीपासून बचाव करणारी पेप्टाइडं, तशी नव्हेत. साधारण ४५ ते ५४ अमिनो आम्लांची ही पेप्टाइडं बहुधा गंधकाच्या चार टाक्यांनी घट्ट शिवलेली असतात. काही बुरशीच्या पेशीचं आवरण फाडतात, तर काही तंतूंची वाढ नुसती अडवून धरतात. मारणं आणि अडवणं दोन्ही ज्यात मावेल असा शब्द 'बुरशीरोधक'.

'कडधान्य' फार ऐसपैस होतं. नेमकी वनस्पती लिहावी. फॅसिओलस व्हल्गॅरिस असेल तर घेवडा किंवा राजमा (कोरेगावचा वाघ्या घेवडा त्यातलाच), लॅबलॅब असेल तर वाल, पावटा. उसळीत आपण 'दाणे' म्हणतो, पण इथे 'बी'च हवं : ओल्या मातीत बी फुगतं, टरफल फुटतं, भोवतालची बुरशी टपलेली असते, आणि या पेप्टाइडांचं काम तिथे असतं. मुळ्याच्या बियांत तर टरफल फुटताच ती बाहेर झिरपताना दिसली आहेत.

'औषधी' हे विशेषण मात्र जपून वापरावं. बरेचसे निष्कर्ष प्रयोगशाळेतल्या बशीतले आहेत. त्यावरून वालाच्या उसळीने नायटा जातो असं ठरत नाही. 'औषधी' वाचून कुणी कच्चा राजमा खाल्ला तर उलट्याच व्हायच्या. म्हणून मी लिहीन : 'घेवड्याच्या बियांतील बुरशीरोधक पेप्टाइडे आणि त्यांचे संभाव्य औषधी उपयोग'.