खोटी वही

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला होता. तुझ्या शुगरच्या वहीत महिनाभर सगळे आकडे ११० ते १४० च्या मधले, आणि लॅबच्या रिपोर्टात तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी) मात्र ९.४ टक्के. म्हणजे सरासरी २२० च्या आसपास. आई म्हणते, लॅबवाल्यांनी घोळ घातला असणार. मी तिला काही बोलले नाही. पण लॅबचा घोळ नाही हे तुला ठाऊक आहे, आणि मलाही.

कारण मीही हेच केलंय. ओपीडीच्या आदल्या रात्री निळं, काळं आणि एक संपत आलेलं अशी तीन पेनं घेऊन बसायचे आणि अख्खा महिना एका बैठकीत भरून काढायचे. खरं वाटावं म्हणून मध्येच एखादा १६२ टाकायचा. एकदा तर पानावर चहाचा डागही पाडला होता. डॉक्टरांनी चार पानं उलटली, रिपोर्ट पाहिला, वही मिटली आणि इतकंच विचारलं, "यातला कुठला आकडा बघून मी डोस ठरवू?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

आपण दोघीच अशा नाही बरं का. १९८४ साली अमेरिकेत पेशंटना न सांगता आकडे साठवून ठेवणारी, घरी शुगर तपासायची मीटर दिली होती. वहीतले आकडे मीटरमधल्यांपेक्षा चांगले निघाले, आणि काही तर कधी तपासलेलेच नव्हते!

मला वाटतं, ही खोड मला परीक्षानळीपासून लागली. १९८६ मध्ये मला मधुमेह निघाला तेव्हा घरी मीटर कुठलं? पाच मिली बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब आणि स्पिरिटचा दिवा. उकळल्यावर निळंच राहिलं तर घरात सगळे खूश. हिरवं, पिवळं, नारिंगी होत होत विटकरी झालं की आजी पदर डोळ्याला लावायची. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, आणि नळीत दिसायची ती काही तासांपूर्वीची गोष्ट. रक्तातली साखर फार कमी झाली तर ते त्यात कळायचंच नाही. तरी मी रोज सकाळी पास की नापास, हेच बघायचे. पुढे हातात मीटर आलं, पण डोक्यातली नळी काही गेली नाही.

तुझ्या मीटरवरचा २३८ म्हणजे नापास नव्हे. काल रात्री काय खाल्लंस, इन्सुलिन किती वाजता घेतलंस, सुई रोज त्याच जागी टोचून तिथे गाठ झाली आहे का, ताप होता का, जिने चढलीस की दिवसभर लोळलीस, यांतलं काहीतरी तो सांगत असतो. म्हणून आकड्याशेजारी दोन शब्द लिही. 'मेसचा भात, दोन वाट्या.' 'भांडण झालं.' असं काहीही. एकच जेवण धर, त्याआधी तपास आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा तपास. असं तीन-चार दिवस केलंस की पोह्यांचं काय होतं आणि भाकरीचं काय, ते तुझं तुलाच दिसेल. साधारणपणे जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या आत असं धरतात, पण तुझं लक्ष्य तुझ्या डॉक्टरांनी ठरवायचं.

वही खरी लिहायची तर आकडाही खरा हवा. एका मे महिन्यात मी हापूस कापून, फडक्याला हात पुसून बोट टोचलं. २७४! घाबरून जादा इन्सुलिन घेतलं. तासाभरात दरदरून घाम, हातांना कापरं, जीभ जड. साखर रक्तात नव्हती, माझ्या बोटाला होती. साबणाने हात धू, कोरडे कर, मग टोच. तेही बोटाच्या कडेला, मधोमध जास्त दुखतं. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून हलव. बोट पिळू नकोस, पिळून काढलेल्या थेंबात रक्ताबरोबर पेशींभोवतालचं पाणीही येतं. आणि मीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लाव. पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या खराब होतात. मीटर आणि लॅब यांच्यात थोडा फरक पडणारच, त्यावरून मीटर फेकायला निघू नकोस.

७० च्या खाली गेलीस तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. मीटर हाताशी नसेल आणि अंग थरथरत असेल तर आधी साखर, मग शोधाशोध. स्कूटीला किल्ली लावण्याआधी तपासायची सवय लाव. रूममेटलाही हे सगळं सांगून ठेव. लाज कसली त्यात?

दंडावरचा सेन्सर घेऊ का, असं विचारलं होतंस. परवडत असेल तर जरूर घे, बोटं वाचतील. मात्र तो रक्तातली नाही, पेशींभोवतालच्या पाण्यातली साखर मोजतो. साखर झपाट्याने चढत-उतरत असेल तर तो काही मिनिटं मागे असतो. अंगाला जाणवतंय एक आणि सेन्सर दाखवतोय दुसरं, असं झालं की बोट टोचायचंच.

पुढच्या अपॉइंटमेंटला वहीबरोबर मीटरही ने. त्यात सगळं साठलेलं असतं. आणि जुनी वही फाडू नकोस, सुट्टीत येशील तेव्हा घेऊन ये. माझी चहाच्या डागाची मी अजून ठेवली आहे, दोन्ही शेजारी ठेवून बघू.

तुझी,
मावशी

ता. क. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाक आणि झाकण घट्ट लाव. हॉस्टेलच्या मावशी कचरा हातानेच उचलतात.