विंडोज ११चं मोठं अपडेट झाल्यापासून घरचा नॅस (फाइली साठवायचं, घरच्या नेटवर्कला जोडलेलं खोकं) लॅपटॉपवर दिसेनासा झालाय, मोबाईलच्या ॲपवर मात्र दिसतो. घरचे म्हणतात खोकं काढून टाक, क्लाउड घे. काय करावं?

काढून अजिबात टाकू नका. खरं तर तुमच्या प्रश्नातलं ते घरच्यांचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो. हेच वाक्य मी माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून भरल्या घरात ऐकलंय.

२०२४ची गोष्ट. आईची पंच्याहत्तरी होती. आईचं माहेर नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. माणसं वाचली, पण घरातला एकही फोटो राहिला नाही. म्हणून मी चार महिने सातारा, मिरज, डोंबिवली असे सगळे नातेवाईक पालथे घातले. त्या घरातल्या मुंजी-लग्नांचे फोटो पूर्वी ज्यांना ज्यांना पोस्टाने गेले होते, त्यांच्या ट्रंकांमधून ४१२ फोटो जमवले आणि स्कॅन करून नॅसवर ठेवले. त्यातल्या एकात आजी ओसरीच्या पायरीवर तांदूळ निवडतेय आणि सुपाच्या कडेला कुणाचं तरी मनगट आलंय, काचेच्या दोन बांगड्यांसकट. तो हात आईचाच, अशी माझी खात्री होती. तो फोटो शेवटी दाखवायचा असं ठरवलं होतं.

रविवारी कोथरूडच्या आमच्या हॉलमध्ये तीस माणसं. लॅपटॉप टीव्हीला जोडला, झेड ड्राइव्ह, म्हणजे लॅपटॉपवरून नॅसमध्ये जायचं दार, उघडायला गेलो तर त्यावर लाल फुली. नेटवर्क पाथ सापडत नाही. दहा मिनिटं मी घामाघूम. शेवटी दादा उठला, म्हणाला, "अरे, ते डबडं भंगारात दे आता. महिन्याच्या चहाच्या पैशात क्लाउड मिळतं," आणि आपल्या मोबाईलवरून त्याने टीव्हीवर फोटो लावले. सिंगापूरचे. आईच्या पंच्याहत्तरीला पाहुण्यांनी साखरभात खात वहिनीचे सिंगापूरचे फोटो पाहिले.

पुढचे तीन दिवस मी ऑफिसातून आलो की त्या खोक्यासमोर. नॅसचा पत्ता १९२.१६८.१.५, झेड ड्राइव्हही त्यालाच जोडलेला. पिंग केलं, म्हणजे लॅपटॉपवरून त्या पत्त्याला हाक मारली, तर लगेच उत्तर. म्हणजे नॅस जिवंत आहे, विंडोजचंच काहीतरी बिनसलंय, असं मी धरून चाललो. फायरवॉल बंद करून पाहिली, शेअरिंगच्या सेटिंग उलट्यापालट्या केल्या, नॅस रीसेट करायच्या बेतात होतो. बुधवारी रात्री वैतागून नॅसची लॅन केबल उपटली. केबल हातात, आणि पडद्यावर पिंगला उत्तर येतच होतं. टिचक टिचक, एकापाठोपाठ एक.

मग डोकं चाललं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एआरपी -ए' दिलं (कुठल्या पत्त्यावर कुठलं उपकरण आहे ते त्यात दिसतं), त्या पत्त्यासमोरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणाचा दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांचा ओळखक्रमांक, वहीत लिहिला, नॅस उलटा करून खालच्या स्टिकरशी ताडून पाहिला. पहिली जोडीच जुळेना. टीव्ही बंद केला आणि पिंग थांबलं.

झालं होतं असं. पुण्यात गुरुवार म्हणजे लाइट जायचा वार. आमचा राउटर आणि नॅस दोन्ही इन्व्हर्टरवर नव्हते. स्वस्तातल्या राउटरला बंद-चालू झाल्यावर आधी कुणाला कुठला पत्ता दिला होता हे आठवत नाही, जो पहिला दारात येईल त्याला तो देत सुटतो. नॅसला उठायला तीन-चार मिनिटं लागतात. टीव्ही त्याआधीच हजर झाला आणि .५ घेऊन बसला, नॅसला मिळाला .९. नॅस बिचारा पूर्ण वेळ ठणठणीत होता, मी टीव्हीचं दार ठोठावत होतो. आणि टीव्ही कोणी दिलेला? आदल्या दिवाळीला दादाने. फोन करून सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे टीव्ही चांगलाय, पटकन सुरू होतो."

तेव्हा आधी राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या उपकरणांच्या यादीत नॅस आज कुठल्या पत्त्यावर आहे ते बघा. मग तिथेच डीएचसीपी रिझर्व्हेशन करून त्याच्या मॅक ॲड्रेसला तो पत्ता कायमचा बांधून टाका आणि लॅपटॉपवरचा ड्राइव्ह त्याच पत्त्याला जोडा. 'नॅसमध्येच स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) टाका' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. उद्या फायबरवाल्याने राउटर बदलला आणि नव्याचे पत्ते १९२.१६८.०ने सुरू झाले, की बसाल शोधत. ॲपमध्ये दिसतो म्हणून हुरळूनही जाऊ नका. बरीच ॲप कंपनीच्या सर्व्हरमार्गे फिरून येतात, त्यामुळे घरातला रस्ता बंद असला तरी ती चालतात.

फायबरवाल्याच्या डब्यामागे स्वतःचा दुसरा राउटर लावला असेल आणि लॅपटॉप एकावर, नॅस दुसऱ्यावर असेल तरी हेच होतं. गेस्ट वायफायवरूनही दिसणार नाही.

आता तुम्ही लिहिलंय की विंडोज ११च्या मोठ्या अपडेटनंतर हे सुरू झालं. मग कदाचित माझी कहाणी तुम्हाला लागूच नाही. २०२४च्या २४एच२ अपडेटपासून विंडोज ११ प्रो पाहुणा म्हणून, म्हणजे पासवर्डशिवाय, शेअर केलेलं फोल्डर उघडू देत नाही आणि एसएमबी साइनिंगही मागतं. एसएमबी म्हणजे विंडोज आणि नॅस ज्या भाषेत फाइलींची देवघेव करतात ती, आणि साइनिंग म्हणजे त्यातल्या प्रत्येक निरोपावर सही. नॅसवर नावपासवर्डचा रीतसर युजर करा, त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, विंडोज जिथे पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद उडवा. लॅपटॉपचा पिन तिथे चालत नाही, नॅसचाच पासवर्ड लागतो. नॅस फार जुना असून फक्त एसएमबी१, म्हणजे त्या भाषेची जुनी आवृत्ती, बोलत असेल तर मात्र नवा घ्या. लॅपटॉपवर एसएमबी१ परत चालू करण्याचे सल्ले सापडतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो त्यातल्याच भोकातून.

आणि हो, दोन डिस्कचा रेड, म्हणजे तेच फोटो दोन्ही डिस्कवर ठेवायची सोय, म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तर वाचाल, पण चोराने किंवा पाण्याने खोकंच नेलं तर दोन्ही एकदम जातील. निदान हे तरी आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

आईला तो फोटो गुरुवारी संध्याकाळी लॅपटॉपवरच दाखवला. बराच वेळ बघून म्हणाली, "हा माझा नाही रे, सुमाचा हात. माझ्या बांगड्या तेव्हा फुटल्या होत्या."

४१२ फोटोंची दुसरी प्रत एका पोर्टेबल डिस्कवर आहे. ती नदीपासून लांब, बाणेरला दादाच्या कपाटात, वहिनीच्या पैठण्यांखाली ठेवलीय. दर दिवाळीला बदलून आणतो. दादाला वाटतं मी फराळाला येतो.