रूट कॅनल केलेल्या दाढेत पुन्हा पू होतोय. परत रूट कॅनल करू की काढून इम्प्लांट बसवू? खर्च किती येईल?

तुम्ही लिहिलंय की वरची दाढ आहे, रूट कॅनलला चार वर्षं झाली, हिरडीवर पुळी येते आणि फुटते. एक डॉक्टर म्हणतात परत रूट कॅनल करा, दुसरे म्हणतात काढा. माझीही हीच दाढ होती आणि हीच पुळी, म्हणून लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही, अमळनेरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे.

काढा म्हणणाऱ्यांनी कारण काय दिलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कारण न सांगता काढा म्हणाले असतील तर ऐकू नका.

माझं रूट कॅनल 2014 चं. 2018 च्या एप्रिलमध्ये पुळी आली. एप्रिल म्हणजे आमचा सीझन, चोपड्याकडच्या केळीवाल्यांच्या मोटरी कमी व्होल्टेजनं जळून रांगेत पडलेल्या. दुखत फारसं नव्हतं, फक्त सकाळी तोंडात खारट लागायचं आणि भाकरी त्या बाजूनं चावली की दाढ उंच झाल्यासारखी वाटायची. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. पुळी बसली. महिन्यानं परत आली, परत गोळ्या. असं तीनदा झालं. रूट कॅनल झालेल्या दाढेत रक्त फिरत नाही, त्यामुळे गोळीचं औषध आत पोचत नाही, बाहेरची सूज तेवढी दबते, हे मला तिसऱ्या कोर्सनंतर जळगावला कळलं. तुमच्या पिशवीतही त्याच गोळ्या असणार.

आमचे थोरले बंधू, आप्पा, नाशिकला असतात. त्यांचं एकच, "दात शे तो, हिरा नही. काढी टाक." आप्पांना मिक्सर बिघडला तरी नवा लागतो. माझं सगळं आयुष्य जुनी मोटर परत चालू करण्यात गेलं, त्यामुळे आमचं कधी जमलंच नाही. पण खरा राग वेगळा आहे. मायच्या वेळी त्यांनीच घाई केली होती. हलत होते तीनचार दात, काढले सगळे, आणि कवळी करून मोकळे झाले. ती कवळी मायला एक दिवस नीट बसली नाही. स्टीलच्या वाटीत पाण्यात पडून असायची. कळण्याची भाकरी जिला जीव की प्राण, तिनं शेवटची अकरा वर्षं भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. हे मी आप्पांना तोंडावर कधी बोललो नाही, इथे लिहितोय.

तर मी जळगावला रूट कॅनलच्या स्पेशालिस्टकडे गेलो. त्यांनी काय केलं, तर पुळीच्या भोकातून गुलाबी रबरासारखी बारीक काडी आत सरकवली (गुट्टापर्चा म्हणतात, तीच रूट कॅनलमध्ये भरतात) आणि एक्स-रे काढला. काडी सरळ एका मुळाच्या टोकाशी जाऊन थांबलेली. पू नेमका कुठून येतोय ते मला स्वतःला दिसलं. मग थ्रीडी स्कॅन, सीबीसीटी. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण बहुतेकांच्यात नळ्या चार असतात. गालाकडच्या पुढच्या मुळात दोन, त्यातली एक इतकी बारीक की सहज हुकते. माझी तीच राहिली होती. चार वर्षं जंतू तिथे आरामात राहत होते. पहिल्या डॉक्टरांना मी शिव्या देत नाही, साध्या एक्स-रेत ती नळी मुळाच्या आड लपते.

काम तीन बैठकांत झालं. कॅप कापली, जुना मसाला उकरला, तोंडावर रबराचा पडदा लावून नळ्या क्लोरीनसारख्या वासाच्या औषधानं धुतल्या, दोन आठवडे आत औषध ठेवलं, मग भरलं आणि नवी कॅप बसवली. पहिल्या बैठकीनंतर दहाएक दिवसांत पुळी सुकली. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी दिसणारा काळा डाग मात्र सहा महिन्यांनी थोडा लहान झाला, पूर्ण जायला दीड वर्ष गेलं. हाड भरायला वेळ लागतोच, तेव्हा दोन महिन्यांत डाग तसाच दिसला म्हणून घाबरू नका. दाढ आजही शेंगदाणे फोडते.

काढायची कधी, तर मूळ उभं चिरलेलं असेल तेव्हा. हिरडीत डॉक्टरांची मोजायची सळई एकाच जागी खोल जात असेल आणि बाजूला सगळं नीट असेल, तर चिरेचा संशय घ्यायचा. स्कॅनमध्ये चीर दिसतेच असं नाही. कधी कॅप काढून भिंगाखाली पाहिल्यावरच कळतं. दुसरं, हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर तरी चांगला दात चहूबाजूंनी उरलेला हवा, नाहीतर कॅप धरणार कशाला? स्टॅम्पिंग (आतला पत्र्यांचा गाभा) जळून गेलेली मोटर मीही गिऱ्हाइकाला परत देतो, गुंडाळत बसत नाही. आणि नळ्या नीट भरल्यात, वर पोस्ट (कॅपला आधार म्हणून मुळात बसवलेली दांडी) पक्का बसलाय, तो काढताना मूळच फुटेल अशी भीती असेल, तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापायचं छोटं ऑपरेशनही असतं. तो तिसरा रस्ता तुम्हाला दोघांपैकी कुणीच सांगितलेला दिसत नाही.

इम्प्लांट वाईट नाही. पण वरच्या दाढेच्या डोक्यावर सायनस (हाडातली हवेची पोकळी) असतो, हाड कमी पडलं तर आधी हाड वाढवावं लागतं, आणि इम्प्लांटचा स्क्रू हाडात मुरायला तीन ते सहा महिने. त्याच्याभोवतीही हिरडी पिकते. तंबाखू खाणाऱ्यांनी तर आधीच विचार करावा.

खोटं कशाला बोलू, माझी खालची दाढ 2022 मध्ये गेली. तिच्यात पोस्ट होता, मूळ उभं चिरलेलं निघालं. मी हट्टानं आठ महिने ठेवली, तेवढ्यात बाजूचं हाड खाल्लं गेलं. आता तिथे इम्प्लांट आहे आणि चांगलं चालतंय. आप्पा लग्नकार्यात भेटले की भरताच्या पंगतीत मुद्दाम माझ्याशेजारी बसतात आणि विचारतात, "कोणता दात हिरा?"

खर्चाचं म्हणाल तर मला 2018 मध्ये स्कॅन आणि कॅप धरून सोळा हजार लागले. आजचा भाव तिथेच विचारा. शासकीय दंत महाविद्यालयात, जसं संभाजीनगरला, पुष्कळ कमी लागतात, चकरा मात्र वाढतात.

स्कॅन झाला की चौथी नळी भरलीय का, एवढं विचारा. आणि मध्येच गालावर सूज चढली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास व्हायला लागला, तर स्कॅनची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शुगर असेल तर पहिल्यांदा तेच सांगा, माझी होती आणि मी दुसऱ्या बैठकीपर्यंत सांगितलं नव्हतं.