इंदूरमध्ये बोअरिंगच्या पाण्यावर गीझर तडतडतो, पाणीही उशिरा तापतं. काय करावं?

क्षाराचा थर जमलाय. एलिमेंटवरच्या (पाणी तापवणाऱ्या दांड्यावरच्या) थराखाली अडकलेलं पाणी उकळतं, तोच तो आवाज. एमसीबी बंद करा, टाकी रिकामी करा, एलिमेंट काढा. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून तासभर बुडवा. वायरीची टोकं कोरडीच ठेवा. चाकूने खरवडू नका. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड (स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवणारी कांडी) अर्धा झिजला असेल तर बदला. लोक नेमका हाच विसरतात, मग टाकी गंजून गळते आणि गळकी टाकी दुरुस्त करण्यात अर्थ नसतो, नवा गीझरच घ्यावा लागतो. एलिमेंट परत बसवताना गास्केट (सांध्यातली रबरी चकती) नवीन घाला. गरम नळातून सलग धार येईपर्यंत स्विच लावू नका, एलिमेंट जळेल. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर. घरी नर्मदेचं पाणी येत असेल तर गीझर त्याच पाण्याच्या टाकीवर जोडा, त्यात बोअरिंगपेक्षा क्षार कमी असतात.